जुन्या रेकॉर्डिंगमधला ब्रास कसा ऐकत गेलो

पाश्चात्त्य वाद्यवृंदातली पितळी वाद्यं (ब्रास), म्हणजे हॉर्न, ट्रंपेट, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा, एकमेकांपासून वेगळी ऐकू यावीत आणि चांगल्या वादनातलं थोर वादन ओळखता यावं, एवढ्यासाठी जून २०२३ मध्ये ऐकायला बसलो. ते सप्टेंबर २०२४ पर्यंत चाललं. थोर ब्रास रेकॉर्डिंगच्या याद्या ढिगाने सापडतात. आधी काय घ्यायचं, कान नेमका कशाला लावायचा आणि सुरुवातीला सगळं सारखंच का ऐकू येतं, हे मात्र त्या याद्यांत नसतं. म्हणून ज्या क्रमाने झालं त्या क्रमाने लिहितो.

तयारीला फार खर्च नाही. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर मात्र हे करू नका. रिचर्ड स्ट्राउसच्या ‘झरतुष्ट्रा’ या वाद्यवृंदकृतीच्या सुरुवातीला खर्जात जो सी हा स्वर धरलेला असतो तो ३२ हर्ट्झच्या आसपासचा, त्या स्पीकरांतून तो येतच नाही. ट्यूबाचं जरा फसवं असतं. मूळ स्वर स्पीकरने गाळला तरी वरच्या हार्मोनिकांवरून, म्हणजे मूळ स्वराबरोबर उठणाऱ्या चढ्या स्वरांवरून, कान तो ओळखतो, त्यामुळे ट्यूबा ऐकू येतोय असं वाटत राहतं. त्याचं वजन तेवढं गायब असतं, आणि वाद्यवृंदात त्याला बसवलेलं असतं ते वजनासाठीच. मी साडेचार हजारांचे वायरवाले, पूर्ण कान झाकणारे हेडफोन घेतले, ते शेवटपर्यंत पुरले. स्ट्रीमिंगचं खातं पैसे भरून घ्यावं लागतं, कारण फुकटच्या खात्यावर सिम्फनीच्या ऐन मध्यावर जाहिरात वाजते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये दोन गोष्टी तपासा: सगळ्या ट्रॅकचा आवाज एका पातळीवर आणणारं ‘नॉर्मलायझेशन’ बंद हवं आणि दोन ट्रॅकमधली फट मिटवणारं ‘गॅपलेस’ चालू हवं. ज्या कृतींचे भाग न थांबता एकात एक जातात, तिथे अर्ध्या सेकंदाची फटही कानात टोचते.

नुसतं कृतीचं नाव टाकून शोधलं तर रेकॉर्डिंगचा ढीग समोर येतो. कंडक्टर, वाद्यवृंद आणि रेकॉर्डिंगचं वर्ष असं एकत्र टाकायचं. अ‍ॅपवर दिसणारं वर्ष बहुतेकदा नव्या आवृत्तीचं असतं, त्यामुळे १९५७चं रेकॉर्डिंग २०१०नंतरचं म्हणून दिसू शकतं. एकाच रेकॉर्डिंगच्या चार आवृत्त्या मिळाल्या तर टेपची बारीक ‘सूं’ जिच्यात शिल्लक आहे ती निवडा. ती पूर्ण पुसलेल्या आवृत्तीत ट्रंपेटच्या भोवतीची हवाही पुसली गेलेली असते.

दुसरी गरज स्कोअरची, म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या स्वरलिपीची. आयएमएसएलपी या संकेतस्थळावर या कृतींचे जुने छापील स्कोअर फुकट मिळतात. सभासद नसलात तर डाउनलोडच्या आधी थोडं थांबवतात, एवढंच. प्रिंट काढण्यापेक्षा टॅबवर पाहणं बरं, कारण ए-फोर कागदावर अक्षरं मुंगीएवढी येतात. स्कोअरचं पहिलं पान रेल्वेच्या जुन्या टाइमटेबलसारखं दिसतं आणि धीर सुटतो. सोपी गोष्ट ही की पानाच्या वरच्या भागात लाकडी सुषिर वाद्यं, त्याखाली पितळी, मग तालवाद्यं आणि तळाशी तंतुवाद्यं असतात. पितळी वाद्यांत हॉर्न सर्वांत वर छापतात, मग ट्रंपेट, ट्रॉम्बोन, ट्यूबा. हॉर्न आणि ट्रंपेट लिहिल्याप्रमाणे वाजत नाहीत: ‘हॉर्न इन एफ’साठी लिहिलेला सी वाजतो तो खालचा एफ, आणि बी-फ्लॅट ट्रंपेटचा लिहिलेला सी वाजतो तो बी-फ्लॅट. ट्रॉम्बोन-ट्यूबा लिहिले तसेच वाजतात. हे पाठ करायची गरज नाही. कोणाची ओळ चढते आहे, कोण गप्प आहे आणि श्वासाला जागा कुठे आहे, एवढं दिसलं की पुष्कळ झालं.

वाद्य कसं चालतं हे मात्र आधी समजून घ्या, नाहीतर अवघड काय आणि सोपं काय ते कळत नाही. ओठांची थरथर माउथपीसमधून नळीत जाते आणि नळी ठरावीक स्वरांनाच दाद देते. आपल्या तुतारीला व्हॉल्व्ह नाहीत, म्हणून तिच्यातून तेवढेच मोजके स्वर येतात. व्हॉल्व्ह दाबला की नळीत आणखी एक तुकडा जोडला जातो: दुसऱ्याने सूर अर्ध्या स्वराने उतरतो, पहिल्याने एका पूर्ण स्वराने, तिसऱ्याने दीड. ट्रॉम्बोन तेच काम सरकनळीच्या सात जागांवर करतो. बी-फ्लॅट ट्रंपेटची नळी साधारण १.४ मीटर, एफ हॉर्नची ३.७ मीटर. हॉर्नवादक या लांबलचक नळीचे वरचे हार्मोनिक वापरतो आणि ते एकमेकांना अगदी खेटून असतात. ओठांचा ताण केसभर चुकला की शेजारचा स्वर लागतो आणि सूर फुटतो. बोटं तीच असताना हे होतं. मोठ्या मैफलीत हॉर्न फुटला की पाश्चात्त्य श्रोते हळहळतात पण रागावत नाहीत, त्यामागे हे कारण आहे.

जुलैत सुरुवात केली ती मुसोर्ग्स्कीच्या ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ने. मूळ कृती पियानोची, वाद्यवृंदासाठी ती राव्हेलने १९२२ मध्ये मांडली. रेकॉर्डिंग शिकागो सिम्फनीचं, कंडक्टर फ्रिट्झ राइनर, तारीख ७ डिसेंबर १९५७. सुरुवात एकट्या ट्रंपेटची. बी-फ्लॅटला सा धरा, म्हणजे सुरावट येते ती अशी: मंद्रातला ध, प, मग सा रे प ग, रे प ग सा रे, आणि परत मंद्र ध, प. म्हणजे स्वर भूपाचेच. राग नव्हे, पण मराठी कानाला ही ओळ चटकन पाठ होते, आणि पाठ झालेली ओळ तपासता येते. पहिलं माप (तालाचा एक तुकडा) पाच मात्रांचं, दुसरं सहा मात्रांचं. एकटा ट्रंपेट एवढंच वाजवतो आणि मग सगळा ब्रास त्याला उत्तर देतो.

इथे वाजवणारा अ‍ॅडॉल्फ हर्सेथ. १९४८ ते २००१ अशी त्रेपन्न वर्षं तो शिकागोचा प्रमुख ट्रंपेटवादक होता. त्याच्या वादनात ऐकायचं काय? स्वराची सुरुवात. जीभ सुटते त्या क्षणी सूर पूर्ण भरलेला असतो. आधी ‘फ्स्’ अशी हवा नाही आणि मागून फुगवलेला फुगवटाही नाही. मग रे वरून प वर जाणारी उडी ऐका: वरचा स्वर खालच्यापेक्षा बारीक होत नाही, जाडी तीच राहते. साधारण वादक इथे वरचा स्वर किंचित ढकलतो आणि ओळ वाकडी होते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन मापांच्या मध्ये घेतलेला श्वास, ज्याने पाच आणि सहा असे दोन तुकडे पडतात. हे ओळखायला तीन वेगवेगळी रेकॉर्डिंग पाठोपाठ लावा, फक्त पहिल्या दोन मापांपुरती. एकच रेकॉर्डिंग तीनदा ऐकण्यापेक्षा याचा उपयोग कितीतरी जास्त होतो.

याच कृतीत आणखी चार जागा आहेत. ‘सॅम्युएल गोल्डनबर्ग आणि श्मूइले’ या चित्रात म्यूट (तोंडात बसवायचा बूच) लावलेला ट्रंपेट एकाच स्वराच्या आसपास भराभर कंप पावत राहतो. म्यूटमुळे सूर थोडा चढतो, तो वादकाला ओढून धरावा लागतो, आणि जीभ दमली की स्वर एकमेकांना चिकटायला लागतात. ‘बिद्लो’ म्हणजे बैलगाडीचं चित्र, त्यात ट्यूबाला लांब, चढी, रडवेली सुरावट आहे. राव्हेलच्या डोळ्यांसमोर होता तो फ्रेंच पद्धतीचा छोटा सी ट्यूबा. आजच्या मोठ्या ट्यूबावर तीच ओळ फार वर पडते, म्हणून पुष्कळ वाद्यवृंद ती युफोनियमला देतात. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम असतो, त्यामुळे त्याचा गोल आवाज ओळखीचा वाटेल. रेकॉर्डिंगमध्ये नेमकं कुठलं वाद्य आहे हे ओळखायचा प्रयत्न करा. चढ्या स्वरांवर आवाज ताणलेला, कण्हल्यासारखा वाटला तर बहुधा ट्यूबा, मऊ वाटला तर युफोनियम. मला ताणलेलाच आवडतो. गाडी ओढणाऱ्या बैलाला सहजपणा शोभत नाही.

तिसरी जागा ‘कॅटाकोम्ब्ज’. लांब कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे अनेक स्वर, एक कडाडणारा आणि लगेच दुसरा हलका. बहुतेकांचं लक्ष कडाडणाऱ्याकडे जातं. मी कॉर्ड संपतो कसा ते ऐकायला लागलो आणि तिथून सगळंच उलगडत गेलं. सात-आठ वादक श्वास एकत्र थांबवतात, तेव्हा सभागृहात उरलेला नाद स्वच्छ, सुरात असतो. एकाने जरी उशिरा सोडला तरी त्या नादाला शेपूट येतं. चौथी जागा शेवटचं ‘कीव्हचं महाद्वार’. ही जागा आवाज ठरवायला वापरा: कृती सुरू करण्यापूर्वी थेट शेवटच्या मिनिटावर जा, कानाला सहन होईल तिथे व्हॉल्यूम ठेवा आणि मग पहिल्यापासून सुरू करून बटणाला हात लावू नका. हलक्या जागी आवाज वाढवत गेलात तर वादकांनी बांधलेली चढण तुमच्यापर्यंत पोचतच नाही, शिवाय शेवटी कानठळ्या बसतात.

ऑगस्टमध्ये कंटाळा आला होता, हे सांगितलं पाहिजे. सगळं नुसतं मोठं वाटत होतं. त्यावर दोन उपाय चालले. एका बैठकीत वीस मिनिटांच्या वर ब्रास ऐकायचा नाही, कारण कान थकला की त्याला सगळेच चढे सूर कर्कश लागतात. आणि दुसरा, जो या सगळ्या खटाटोपातून हाती लागलेला सर्वांत कामाचा मुद्दा आहे: व्हॉल्यूम मुद्दाम कमी करायचा. जोराने फुंकलं की नळीतून जाणारी दाबाची लाट पुढे सरकताना उभी होत जाते, वरचे हार्मोनिक वाढतात आणि आवाजाला धातूची धार चढते. ट्रंपेट-ट्रॉम्बोनच्या नळीचा बराच भाग सरळ, एकाच जाडीचा असतो, तिथे हे जास्त होतं. शंकूसारख्या रुंदावत जाणाऱ्या ट्यूबात कमी. त्यामुळे वादक किती जोर लावतो आहे हे रंगावरून कळतं, बटण कितीही खाली असो. कुजबुजीच्या पातळीवर ऐकतानाही हर्सेथचा फोर्टे (जोरकस सूर) हा फोर्टेच असतो. पण रंग फोर्टेचा असूनही फाटलेला नसतो, आणि थोर वादक ओळखायची जागा नेमकी ही. मोठा आवाज बहुतेक व्यावसायिक वादकांना काढता येतो. धार कुठे येऊ द्यायची आणि कुठे थोपवायची, ते फार थोड्यांना साधतं.

त्या नजरेने ‘झरतुष्ट्रा’ घेतलं. हेही राइनर आणि शिकागोचंच, ८ मार्च १९५४ला मुद्रित झालेलं. स्टिरिओत मुद्रण तेव्हाच केलं होतं, स्टिरिओ एलपी बाजारात यायला मात्र १९५८ उजाडलं. चार ट्रंपेट एकसुरात सा-प-सा असे चढतात, मग सगळा वाद्यवृंद एका कॉर्डवर येतो आणि क्षणात शुद्ध गंधाराचा कोमल होतो. दुसऱ्या वेळी उलट, कोमलाचा शुद्ध. तिसऱ्या वेळी मोकळी वाट. चार ट्रंपेट एकसुरात म्हणजे एक ट्रंपेट चौपट मोठा नव्हे. चौघांचा सूर तंतोतंत जुळला तर एकच रुंद आवाज येतो. जुळला नाही तर आत एक थरथर ऐकू येते, तानपुऱ्याच्या जोडतारा लागायच्या आधी येते तशीच. या कृतीच्या मधल्या भागात ट्रंपेटला एक सप्तकाची अचानक उडी आहे, ती नोकरीच्या ऑडिशनमध्ये हमखास विचारतात. राइनरच्या रेकॉर्डिंगमध्ये ती इतकी बेफिकीर येते की पहिल्यांदा ऐकताना निसटून जाते. तुलनेला मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहतांचं लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकबरोबरचं डेक्का कंपनीचं १९६८चं रेकॉर्डिंग लावा. तिथे आवाज जास्त रसाळ आणि भरगच्च आहे; राइनरकडे प्रत्येक ओळ वेगळी दिसते. शिकायला राइनर, रविवारी दुपारी मेहता.

ऑक्टोबरात एक सीडी परदेशातून मागवावी लागली: मालरची तिसरी सिम्फनी, लंडन सिम्फनी, कंडक्टर याशा होरेनश्टाइन, १९७० मध्ये क्रॉयडनला मुद्रित झालेली. मी वापरत होतो त्या अ‍ॅपवर ती सापडली नाही. वापरलेली सीडी नऊ पौंडांना, टपालखर्च चौदा पौंड, म्हणजे मालापेक्षा हमाली जास्त. कुरिअरने मागवलं तर आधी केवायसीची कागदपत्रं द्यावी लागतात. टपालाने मागवलं तर कस्टमने ड्युटी लावली असल्यास ती पोस्टमनच घेतो आणि पावती देतो. पावती ठेवा आणि घरात कुणाकडे तरी सुटे पैसे ठेवून जा, नाहीतर पार्सल परत पोस्टात जातं. पाच आठवडे लागले.

दरम्यान मालरची पाचवी. गेऑर्ग सोल्टी, शिकागो, १९७०. हे रेकॉर्डिंग वाद्यवृंदाच्या नेहमीच्या ऑर्केस्ट्रा हॉलमध्ये झालेलं नाही. १९६६च्या दुरुस्तीनंतर त्या हॉलचा नाद कोरडा झाला होता, म्हणून डेक्काने मेडिना टेंपल ही जागा घेतली. सुरुवात परत एकट्या ट्रंपेटची आणि परत हर्सेथच: तीन आखूड, एक लांब. मालरने स्कोअरमध्ये तळटीप दिली आहे की ही त्रिकं लष्करी तुताऱ्यांसारखी किंचित घाईने, निसटती वाजवावीत. घड्याळाच्या काट्यावर मोजून वाजवली तर ती मेली, आणि फार घाई केली तर तिसरा स्वर गिळला जातो. हर्सेथची त्रिकं पुढे झुकतात, पण तिन्ही स्वर मोजता येतात. ओळ चढत जाते आणि सगळा वाद्यवृंद ए मेजरच्या कॉर्डवर कोसळतो, तेव्हा ट्रंपेट बुडतो की वर तरंगत राहतो ते बघा. तिसऱ्या भागात हॉर्नला एकट्याचं मोठं काम आहे. इथला हॉर्नवादक डेल क्लेव्हेंजर, १९६६ ते २०१३ शिकागोचा प्रमुख. या रेकॉर्डिंगबद्दल माझी तक्रार एकच: माइक ब्रासच्या इतके जवळ आहेत की व्हायोलिनना कधीकधी दाराबाहेर उभं केल्यासारखं होतं. ब्रास शिकायला मात्र हा दोष सोयीचा.

सीडी आली तशी तिसरी लावली. ती आठ हॉर्नच्या एकसुराने उघडते. तिच्या पहिल्या भागात, जो एकटाच अर्ध्या तासाहून मोठा आहे, ट्रॉम्बोनला लांब एकल आहे आणि ते डेनिस विकने वाजवलं आहे. ट्रॉम्बोनला दोन स्वर जोडायचे तर मध्ये सरकनळी हलते आणि ती हलताना हवा चालू राहिली तर सूर घसरतो. म्हणून जीभ अगदी हलकी लावावी लागते, इतकी की ऐकणाऱ्याला ती कळूच नये. विकचं एकल ऐकताना नळी सरकते आहे हे आठवण करून दिल्याशिवाय लक्षात येत नाही. ट्रॉम्बोनकडे कान वळला की आणखी एक छोटी जागा अवश्य ऐका: ब्राम्सच्या पहिल्या सिम्फनीच्या शेवटच्या भागातला त्यांचा हळुवार कोराल, म्हणजे स्तोत्रासारखी संथ सुरावट. पहिले तीन भाग ट्रॉम्बोनवाले नुसते बसून असतात. तोवर वाद्य थंड पडतं, थंड नळीचा सूर उतरतो, आणि हा प्रवेश उघडा, हलका, चढ्या स्वरांचा. क्लेम्पररच्या १९५०च्या दशकातल्या फिलहार्मोनिया रेकॉर्डिंगमध्ये ती जागा ऐकली की या लोकांना बसून राहण्याचेही पैसे का मिळतात ते समजतं.

जानेवारी २०२४ पासून देशोदेशींचे आवाज घेतले. हा भाग सर्वांत रंगतदार निघाला. आज जगभरचे वाद्यवृंद बरेचसे एकसारखे वाजतात. १९६०च्या आसपास तसं नव्हतं. म्राविन्स्कीच्या लेनिनग्राड फिलहार्मोनिकने १९६० मध्ये डॉइच ग्रामोफोन या जर्मन कंपनीसाठी चायकोव्हस्कीच्या शेवटच्या तीन सिम्फनी मुद्रित केल्या: चौथी लंडनला, पाचवी-सहावी व्हिएन्नात. पाचवीच्या दुसऱ्या भागातलं हॉर्नचं एकल विताली बुयानोव्हस्कीचं आहे आणि त्यात सरळ सरळ कंपन आहे, गायकाच्या आवाजात असतं तसं. जर्मन-अमेरिकन वळणाच्या कानाला हे खटकतं. मलाही पहिल्यांदा हॉर्न आहे की सॅक्सोफोन असा प्रश्न पडला होता. चौथी सुरू होते ती हॉर्न आणि बॅसून या लाकडी सुषिर वाद्याच्या आरोळीने, मग ट्रंपेट येतात, आणि या ट्रंपेटचा आवाज पत्रा कापल्यासारखा आहे. शिकागोच्या ट्रंपेटशेजारी ठेवून ऐका. थोरपणाचे प्रकार दोन आहेत आणि एकाच्या फूटपट्टीने दुसरा मोजता येत नाही.

कंपन पॅरिसमध्येही होतं, पण पातळ, रेशमी. राव्हेलच्या ‘पावान’ची सुरुवात हॉर्नची आहे. क्ल्युइताँसने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पॅरिस कॉन्झर्व्हेटरीच्या वाद्यवृंदाबरोबर केलेलं रेकॉर्डिंग लावा. तो वाद्यवृंद १९६७ मध्ये बरखास्त झाला, पुढे फ्रेंच वादकांनीही रुंद नळीची वाद्यं घेतली आणि तो आवाज फक्त टेपवर राहिला.

व्हिएन्ना फिलहार्मोनिकने मात्र आपला हॉर्न सोडला नाही. इतर सगळे एफ आणि बी-फ्लॅट अशा दोन नळ्यांचा जोडहॉर्न वाजवतात, ज्यात अंगठ्याने छोट्या नळीवर जाता येतं आणि चढे स्वर थोडे सुरक्षित होतात. व्हिएन्नाचे वादक एकेरी, अरुंद, लांब एफ हॉर्नच वापरतात, तेही जुन्या पद्धतीच्या जोडनळीच्या व्हॉल्व्हचं. धोका जास्त, पण एका स्वरातून दुसऱ्यात जाताना खटका नाही, सूर वाहत जातो. हे ऐकायला वाग्नरच्या ‘दास राइनगोल्ड’ या ऑपेराचं सोल्टीचं १९५८चं रेकॉर्डिंग घ्या, डेक्काने व्हिएन्नाच्या सोफियनझालमध्ये मुद्रित केलेलं. पहिली १३६ मापं एकाच ई-फ्लॅट मेजरमध्ये आहेत आणि त्यात आठ हॉर्न एकापाठोपाठ एक येतात. कितवा हॉर्न कधी आला ते बोटांवर मोजायचा प्रयत्न करा. चौथ्यानंतर माझी मोजणी नेहमी गडबडते, स्कोअर समोर असेल तरच जमतं.

त्याच ओघात ‘वाग्नर ट्यूबा’ भेटतो. नाव ट्यूबाचं, पण वाजवतात हॉर्नवादक आणि माउथपीसही हॉर्नचाच. ब्रुकनरच्या सातव्या सिम्फनीच्या संथ भागात असे चार आहेत. वाग्नर १३ फेब्रुवारी १८८३ला गेला तेव्हा ब्रुकनर हा भाग लिहीत होता आणि शेवटचा शोक त्याच्यासाठी आहे. कारायानचं व्हिएन्नाबरोबरचं एप्रिल १९८९चं रेकॉर्डिंग त्याच्या आयुष्यातलं शेवटचं. हॉर्नपेक्षा जड, ट्यूबापेक्षा काळसर असा तो रंग एकदा कानात बसला की परत चुकत नाही. बसेपर्यंत मात्र चुकतो. संथ भागाची पहिलीच ओळ स्कोअरसह ऐकणं हा सर्वांत जवळचा रस्ता.

जून २०२४ मध्ये मोठ्या सिम्फनी बाजूला ठेवून फक्त ब्रास ऐकला. १९६८ मध्ये फिलाडेल्फिया, क्लीव्हलँड आणि शिकागो या तीन वाद्यवृंदांच्या ब्रासवादकांनी मिळून कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी जोव्हान्नी गाब्रिएलीच्या रचनांची तबकडी केली. गाब्रिएली व्हेनिसच्या सान मार्को चर्चमधला. समोरासमोरच्या दोन गटांनी एकमेकांना उत्तरं द्यायची अशी त्याची रचना. १५९७ मध्ये छापलेल्या त्याच्या ‘सोनाटा पिआन ए फोर्ते’मध्ये हळू आणि मोठ्याच्या खुणा छापलेल्या आहेत, आणि कोणती ओळ कोणत्या वाद्याची तेही. हेडफोनवर डावा-उजवा गट इतका वेगळा ऐकू येतो की कुणाची सुरुवात जास्त स्वच्छ यावर मजेत पैज लावता येते. शिकागोच्या गटात खाली अर्नोल्ड जेकब्ज आहे, १९४४ ते १९८८चा ट्यूबावादक. त्याच्याकडे कान लावून एक पूर्ण रचना ऐका: वरचे सगळे त्याच्या सुरावर बसलेले असतात, आणि तो श्वास कुठे घेतो ते शोधूनही पटकन सापडत नाही.

हे सगळं झाल्यावरच प्रत्यक्ष मैफलीला जा, असं माझं मत आहे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे सीझन साधारण फेब्रुवारी आणि सप्टेंबरच्या सुमारास असतात. सप्टेंबरात गेलो ते बाल्कनीचं तिकीट काढून. ब्राससाठी पहिल्या रांगा वाया जातात, कारण हे लोक व्हायोलिनच्या मागे बसतात आणि खालून त्यांचं डोकंही दिसत नाही. ट्रंपेट-ट्रॉम्बोनची तोंडं प्रेक्षकांकडे असतात, त्यांचा आवाज सरळ येतो. हॉर्नचं तोंड मागे वळलेलं आणि वादकाचा उजवा हात त्यात खुपसलेला, त्यामुळे तो मागच्या भिंतीवरून परतून येतो आणि जवळ बसलात तर उशिरा आल्यासारखा भासतो. वर बसलं की हे अंतर मिटतं. कार्यक्रमपत्रिकेत कृतीखाली वाद्यांची संख्या दिली असेल तर तिकीट काढण्याआधी ती पाहून घ्या: चार हॉर्न, तीन ट्रंपेट, तीन ट्रॉम्बोन आणि एक ट्यूबा असा भरणा असेल ती संध्याकाळ निवडा. मोझार्टची संध्याकाळ सुंदरच असते, पण त्यात ट्यूबावाला घरी असतो.